सोलर हीटर: कौलांवर की खळ्यात?

गुहागरचं आमचं घर चिऱ्याचं, वासे फणसाचे, वर कौलं. अशा घरात सोलर घ्यायचा म्हटलं की काचेच्या नळ्यांचा की तांब्याच्या पत्र्याचा, यावर सगळे बोलतात. ठेवायचा कुठे, यावर कोणी बोलत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय. आधी पडवीच्या छपरावर, आता खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात.

छपराची बाजू खरी आहे. मागे आगर, माडापोफळींची सावली. दिवसभर मोकळं ऊन मिळतं ते कौलांवरच. पाणीही तिथे जास्त तापायचं. शंभर लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचे शंभर किलो, पण पडवीबाहेरून लोखंडी खांब घेतले, वाशांवर भार टाकला नाही. गार पाण्याची टाकी मात्र हीटरच्याही वर लागते. म्हणजे घराशेजारी मनोराच उभा राहिला. आजोबांच्या घराला तो शोभत नव्हता, एवढंच म्हणतो.

तेही चाललं असतं. मला जेरीस आणलं ते कौलांनी. आमचा होता नळ्यांचा. वानराने एक नळी फोडली की टाकी रिकामी, आणि नळी बदलायला माणूस वर. तो चढला की तीन-चार कौलं गेलीच. आमची कौलं जुनी मंगलोरी. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर कितीतरी छाप निघाले. एकाची खाच दुसऱ्याला बसेल तर शपथ. बाजारातून आणलेलं कौल कोपऱ्यात अर्धं बोट उचललेलंच राहायचं. जूनची पहिली सर आली की थेंब नेमका देवघरात. तीन पावसाळे पातेली मांडली. पडक्या गोठ्यांची कौलं मागून आणली, तीही संपली.

आता खळ्याच्या कडेला चिऱ्यांचा कमरेएवढा चौथरा आहे, त्यावर पत्र्याचा सपाट सोलर. नळ्यांचा थंडीत सरस म्हणतात. असेलही, पण आपल्याकडे तशी थंडी पडते कुठे? पुसायला फडकं आणि बादली पुरते. तोटे आहेत. न्हाणी मागच्या दारी, पाइप लांब, त्यामुळे पहिली अर्धी बादली गारच येते. उंची कमी म्हणून धार बारीक, शॉवर विसरायचा. आणि सुपारी वाळत घालायची जागा गेली, हे आई अजून ऐकवते.

पावसाळ्यात दोन्ही सारखेच निरुपयोगी. न्हाणीतली चूल मोडू नका, नारळाची सोडणं साठवून ठेवा.

न्हाणीवर स्लॅब असेल तर खुशाल वर बसवा. कौलंच असतील, तर आधी गोठ्यात जाऊन जुन्या छापाची जादा कौलं किती रचलेली आहेत ती मोजा. पन्नासाच्या आत भरली तर मी तरी वर माणूस चढवणार नाही.