सव्हाना की चार्ल्सटन?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या दोन्ही गावांमध्ये गाडीने दोनेक तासांचं अंतर, म्हणून लोक एका दमात दोन्ही उरकतात. आम्ही दोघांनीही तेच केलं आणि नुसती धावपळ झाली.

सव्हाना पायी फिरायचं गाव. जेम्स ओगलथॉर्प या इंग्रजाने १७३३ मध्ये वसवलेल्या या गावात आजही २२ चौक आहेत. आपल्यासारखे हॉर्न वाजणारे नव्हेत, झाडांखालच्या छोट्या बागा. ओकच्या फांद्यांवरून करडं स्पॅनिश मॉस जटांसारखं लोंबतं. बाकावर तासभर बसा, कुणी उठवत नाही.

चार्ल्सटन त्याहून जुनं, १६७० चं, आणि खिशाला जड. रेनबो रोची १३ रंगीत घरं दहा मिनिटांत बघून होतात. वेळ ठेवा तो इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमसाठी. ज्या गॅड्सडेन धक्क्यावर गुलामांना उतरवलं जाई, तिथेच ते २०२३ मध्ये उघडलं. बाहेर पडल्यावर आम्ही बराच वेळ बोललो नाही. बाजारात एक बाई स्वीटग्रास नावाच्या गवताची टोपली विणत होती, एकेक वेढा आवळत. किंमत ऐकून नवऱ्याने हळूच टोपली खाली ठेवली.

निवांतपणा हवा तर सव्हाना. मला विचाराल तर चार्ल्सटन. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दोन्हीकडे फिरकू नका, घामाने जीव जातो.