गेम झोनमधील पंजा, तिकिटे आणि एक कंपासपेटी

गेल्या रविवारी सहावीत शिकणाऱ्या भाच्याला घेऊन सोलापुरातील एका गेम झोनमध्ये गेलो होतो. जागा स्वच्छ आहे, कर्मचारी मुलांशी मायेने बोलतात आणि खेळांत जिंकलेली, नंतर बक्षिसांवर बदलून घ्यायची तिकिटे थेट कार्डावर जमा होत असल्यामुळे मोजणीचा घोळ होत नाही. माझा आक्षेप आहे तो बक्षिसांबद्दल.

कार्डावर १००० रुपये भरले. त्यांतले ४०० पंजाच्या यंत्रात, म्हणजे पेटीतले खेळणे यांत्रिक पंजाने उचलून बाहेर काढायच्या यंत्रात, गेले. ८० रुपयांचा एक, असे पाच डाव. त्यांपैकी तीन वेळा भाच्याने पंजा अस्वलाच्या नेमका मध्यावर उतरवला, पंजाने ते उचललेही, पण वर पोहोचताच हिसका बसून ते खाली पडले. "मामा, माझं काय चुकलं?" असे त्याने विचारले, तेव्हा त्याला खरे ते सांगावे लागले. पकडतानाचा जोर आणि उचलून नेतानाचा जोर चालकाला वेगवेगळे ठरवता येतात, आणि किती डावांमागे एकदा पंजाने पुरत्या ताकदीने आवळायचे, हेही अनेक यंत्रांत आधीच भरून ठेवता येते. तो डाव आपल्या वाट्याला आला नसेल, तर अचूक नेमाचाही उपयोग होत नाही. ठोकळे रचण्याच्या काही यंत्रांतही सर्वांत वरचे बक्षीस किती खेळांनंतर द्यायचे, हे असेच ठरवता येते.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर रिंगा फेकतानाही आपण बहुधा हरतोच, परंतु रिंग कुठे अडली हे डोळ्यांना दिसते. येथे कारण यंत्राच्या पोटात असते, आणि म्हणून मूल स्वतःलाच दोष देते. मला सर्वाधिक खटकले ते हे.

उरलेल्या ६०० रुपयांत बास्केटबॉल आणि स्की-बॉल यांचे प्रत्येकी पाच डाव झाले. चढणीवरून चेंडू घरंगळवत वरच्या वर्तुळांत पाडण्याचा स्की-बॉल हा खेळ फार जुना आहे. त्याचे अमेरिकी पेटंट १९०८ सालचे आहे. या दोन्ही खेळांत हात बसत गेला तसे गुण वाढत गेले, आणि भाचा खऱ्या अर्थाने रमला तो येथेच. एकूण ४०० तिकिटे जमली, म्हणजे एका तिकिटाला दीड रुपया पडला.

काउंटरवर ३८० तिकिटांना कंपासपेटी मिळाली. खेळाचा आनंद वेगळा ठेवला, तर ती ५७० रुपयांना पडली. नवी पेठेत तशीच पेटी मी ९० रुपयांना घेतलेली आहे. काचेच्या कपाटातील ब्लूटूथ स्पीकरला ९००० तिकिटे लागतात, म्हणजे आमच्या हिशेबाने १३,५०० रुपये. बक्षिसांचा हा तक्ता कार्ड भरण्याच्या खिडकीपाशीच लावायला हवा, कारण सध्या तो पैसे भरून झाल्यावर, अगदी आतल्या काउंटरवर पाहायला मिळतो. पंजाच्या यंत्रावरही साधारण किती डावांमागे बक्षीस निघते, हे मराठीत लिहिलेले असावे.

बास्केटबॉलसाठी ही जागा मी निःसंकोच सुचवेन. कार्डावर २० तिकिटे शिल्लक आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. पंजाजवळ मात्र थांबायचे नाही, असे भाच्याने स्वतःच ठरवले आहे.