एक्सएफसीईवर ट्रान्सपरन्सी हवी असेल तर: अंगचा कंपोझिटर की पिकॉम?

एक्सएफसीईसारखा लिनक्सचा हलका डेस्कटॉप घेतला म्हणजे दिसणं सोडून द्यायचं असं काही नाही. टर्मिनलच्या मागून वॉलपेपर थोडासा दिसावा, विंडोला सावली असावी, मेनू एकदम धाडकन न येता हळूच यावा, एवढी हौस एक्सएफसीई वापरणाऱ्या बहुतेकांना असते, आणि जुन्या मशीनवरही ती भागते. हे काम कंपोझिटर करतो, म्हणजे सगळ्या विंडोंची चित्रं एकत्र करून स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम. प्रश्न असतो कुठल्या कंपोझिटरने भागवायची. कॉम्पिझ अजून मिळतं, पण त्यासाठी अख्खा विंडो मॅनेजरच (विंडोंची चौकट आणि जागा सांभाळणारा प्रोग्राम) बदलावा लागतो, मग हलकं कशाला घेतलं? एक्सकॉम्पएमजीआर हा कीथ पॅकार्ड यांचा जुना नमुना-प्रोग्राम, सावली आणि फेड देतो पण व्हीसिंक (चित्र स्क्रीनच्या रिफ्रेशशी जुळवणं) नाही, त्यामुळे आज नव्याने लावायला मी कुणाला सांगणार नाही. उरतात दोन: एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरमधलाच कंपोझिटर, त्यालाच मी अंगचा म्हणतो, आणि वेगळं चालवायचं पिकॉम. मी दोन्ही भरपूर वापरलेत, दोन्ही चांगले आहेत, आणि तरीही एका कारणाने एकीकडे वळलो, ते कारण खाली सविस्तर लिहितो. ओपनबॉक्स हा दुसरा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना अंगचा कंपोझिटरच नसतो, त्यांनी थेट पिकॉमवालं वाचलं तरी चालेल.

आधी अंगचा. याला लोक उगाच कमी लेखतात. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या एक्स-ऑर्ग या सिस्टिममधे कंपोझिटरला लागणारं कंपोझिट एक्स्टेन्शन आलं २००४ मधे, ६.८ व्हर्जनला, आणि २००५ च्या सुरुवातीला एक्सएफसीई ४.२ आलं तेव्हा त्याच्या विंडो मॅनेजरमधे कंपोझिटर होतासुद्धा, म्हणजे या कामात हा प्रकल्प मागे कधीच नव्हता. आज सेटिंग्जमधे विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडायचं, शेवटच्या टॅबवर जायचं, टिक करायचं, स्लायडर सरकवायचे, संपलं. २०१९ च्या ४.१४ पासून व्हीसिंकही नीट बसलं, त्याआधी व्हिडिओ बघताना स्क्रीन मधेच आडवी फाटल्यासारखी दिसायची ती तक्रार माझ्या इंटेलच्या साध्या ग्राफिक्सवर तरी गेली.

शिवाय विंडो मॅनेजर आणि कंपोझिटर एकच असल्याचे काही फायदे आहेत जे पिकॉमला जमतच नाहीत. विंडो धरून ओढताना तेवढ्यापुरती ती पारदर्शक करायचा वेगळा स्लायडर आहे, खाली काय झाकलं जातंय ते दिसतं, सोडली की परत घट्ट. पिकॉमला विंडो तुम्ही ओढताय हे वेगळं कळत नाही. ऑल्ट-टॅबमधे विंडोंची छोटी चित्रं दिसतात ती याच कंपोझिटरमुळे, तो बंद केला की नुसते आयकॉन उरतात. आणि ऑल्ट धरून माउसचं चाक फिरवलं की अख्खी स्क्रीन मोठी होते, घरातल्या वयस्कर माणसाला बारीक अक्षर दाखवायला याइतकी सोपी सोय मी दुसरीकडे पाहिली नाही. पिकॉमवर गेल्यावर मला सगळ्यात जास्त आठवण या झूमची येते, खरं सांगतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो म्हणजे कुणाचा वेळ जाणार नाही. पारदर्शकता दोन प्रकारची असते. एक, ॲप स्वतः फक्त आपली पार्श्वभूमी पारदर्शक करतं आणि अक्षरं पूर्ण गडद ठेवतं, एक्सएफसीईचं टर्मिनल असंच करतं. दुसरी, कंपोझिटर अख्ख्या विंडोवरच ओपॅसिटी लावतो, मग अक्षरं, चित्रं, बटणं सगळंच फिकं. तुम्हाला फक्त टर्मिनल छान दिसायला हवं असेल तर पहिला प्रकार पुरतो, टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमधे पार्श्वभूमी पारदर्शक करा, अंगचा कंपोझिटर चालू ठेवा, आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मनापासून सांगतोय, यासाठी पिकॉमची गरज नाही.

गंमत सुरू होते ती इनॅक्टिव्ह विंडोपासून. जी विंडो वापरात नाही ती थोडी फिकी दिसावी, म्हणजे टायपिंग कुठे जाणार हे नजरेला लगेच कळतं, हा इफेक्ट मला दिखावा म्हणून नाही तर कामाला म्हणून हवा होता. अंगच्या कंपोझिटरमधे त्यासाठी एक स्लायडर आहे. एकच. सगळ्या विंडोंना मिळून. आता माझं काम असं की डावीकडे स्कॅन केलेली पीडीएफ उघडलेली आणि उजवीकडे एडिटरमधे मी मराठी टाइप करतोय, दिवसाचा बराच वेळ हेच. एडिटरमधे क्लिक केलं की पीडीएफ इनॅक्टिव्ह, की ती फिकी, की तिच्यामागे उघडलेल्या ब्राउझरची अक्षरं तिच्यातून वर यायला लागतात, आणि मला तर त्याच वेळी ती पीडीएफ वाचायची असते! देवनागरीत हे फार टोचतं, कारण शिरोरेषेवरचा अनुस्वार, रफार, चंद्रबिंदू हे सगळे बारीक ठिपके आणि रेघा, मागून दुसरा मजकूर डोकावला की पहिले तेच हरवतात, जुन्या छपाईच्या पानावर तर अनुस्वार आहे की कागदाचा डाग हे मुळातच कळत नसतं. स्लायडर ९५ वर नेला तर इफेक्ट जाणवत नाही, ८५ वर ठेवला तर वाचताना डोळे ताणावे लागतात. आणि "ही एक विंडो सोडून बाकीच्यांना लाव" असं सांगायला सेटिंग्जच्या त्या खिडकीत जागाच नाही. बाहेरून एखादी प्रॉपर्टी विंडोवर चिकटवून वाट काढता येते म्हणा, पण ती दर वेळी विंडो उघडली की पुन्हा करा, किंवा त्यासाठी डेव्हिल्सपायसारखं, विंडो उघडली की आपोआप नियम लावणारं, तिसरंच काही बसवा. एवढं करायचं तर मग पिकॉमच का नको, इथे माझा काटा झुकला.

पिकॉम म्हणजे त्या जुन्या एक्सकॉम्पएमजीआरच्याच वंशातलं, मधे ते कॉम्पटन झालं, आणि २०१९ मधे पिकॉम नाव घेऊन पुढे चालू राहिलं. याची सगळी ताकद नियमांत आहे. विंडो कुठल्या ॲपची आहे, टायटल काय, प्रकार कुठला, मेनू आहे की डायलॉग की पॅनल, त्यावरून प्रत्येकीला वेगळं वागवता येतं. माझा प्रश्न सुटला तो फोकस-एक्सक्लूड नावाच्या ओळीने: त्या यादीत टाकलेली विंडो कायम ॲक्टिव्हच आहे असं पिकॉम धरून चालतं, तुम्ही कुठेही क्लिक करा, ती फिकी होत नाही. पीडीएफ वाचायचं ॲप त्यात टाकलं आणि विषय संपला. व्हिडिओ कॉल ज्यात चालतो ती विंडोही तिथेच टाकली, नोट्स लिहिताना समोरच्याचा चेहरा धूसर व्हायला नको.

ॲपचं नाव नेमकं काय लिहायचं इथे बरेच जण अडतात. टर्मिनलमधे एक्सप्रॉप चालवायचं, माउसचा बाण अधिकच्या चिन्हासारखा होतो, हव्या त्या विंडोवर क्लिक करायचं, भलीमोठी यादी येते त्यात डब्ल्यूएम-क्लास नावाची ओळ शोधायची. अवतरणात दोन नावं असतात, त्यातलं दुसरं पिकॉमच्या क्लास-जी (class_g) ला लागतं, पहिलं क्लास-आय (class_i) ला. कॅपिटल-स्मॉल अक्षरं जशी दिसतील तशीच उतरवायची. नियम लावला पण काहीच झालं नाही असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच काहीतरी राहिलेलं असतं.

आणि एक छान पर्याय, ज्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही: इनॅक्टिव्ह विंडो पारदर्शक करण्याऐवजी तिला नुसती किंचित काळसर करता येते, इनॅक्टिव्ह-डिम. मागचं काही दिसत नाही, अक्षरं जागच्या जागी राहतात, आणि तरी कुठली विंडो चालू आहे ते कळतं. मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी माझ्या मते पारदर्शकतेच्या आधी हे करून बघावं.

आता पिकॉमचा त्रासही सांगायला हवा. सेटिंग्जची खिडकी नाही, फाइल हाताने लिहायची. एखादा स्वल्पविराम किंवा अवतरण राहिलं की ते चालूच होत नाही, म्हणून ऑटोस्टार्टमधे टाकण्याआधी टर्मिनलमधून चालवून बघावं, चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगतं. बंद पडलं तरी डेस्कटॉप चालू राहतो, फक्त इफेक्ट जातात, हे मला उलट आवडतं. जीटीके या लायब्ररीवर बनलेली जी ॲप स्वतःचा टायटलबार घेऊन येतात त्यांना दुहेरी सावली पडते, पॅनलखालीही नको तिथे सावली येते, या दोन्हींना शॅडो-एक्सक्लूडमधे टाकावं लागतं. व्हर्जन बदललं की काही ऑप्शनची नावं बदलतात, त्यामुळे नेटवरून उचललेली जुनी फाइल जशीच्या तशी चालेलच असं नाही. ॲनिमेशन तर २०२४ मधल्या १२ व्या व्हर्जनपासून आली, तुमच्या डिस्ट्रोमधे त्याच्या आधीचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मेमरीची भीती मात्र बाळगू नका. कंपोझिटर प्रत्येक विंडोचं चित्र बाजूला ठेवतो हे खरं, पण १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर पूर्ण पसरलेल्या एका विंडोचं ते चित्र सुमारे ४ एमबी भरतं, पिक्सेलला ४ बाइट धरून. ब्राउझरचा एक टॅब याच्या कितीतरी पट खातो. जड पडतो तो ब्लर. पारदर्शक भागामागचं सगळं धूसर करायचं काम ग्राफिक्स चिपला सारखं करावं लागतं, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर ब्लर चालू केला की थोड्या वेळात पंखा ऐकू यायला लागतो, बंद केला की शांत. मोजमाप केलेलं नाही, कानावर विश्वास ठेवून सांगतोय. ब्लर हवाच असेल तर जीएलएक्स बॅकएंड (ओपनजीएल वापरून चित्र काढायची पद्धत) आणि ब्लरची ड्युअल कावासे पद्धत घ्या, त्यातल्या त्यात ती बरी चालते. व्हर्च्युअल मशीनमधे मात्र एक्सरेंडर हा दुसरा बॅकएंडच बरा.

व्हीसिंकच्या बाबतीत मला दोन्हींत मोठा फरक दिसला नाही. लांब पान स्क्रोल करताना पिकॉम किंचित मऊ वाटतं, पण तुमच्या ग्राफिक्सवर उलटंही असू शकेल, तेव्हा यावरून ठरवू नका.

घरच्यांना मशीन सेट करून द्यायचं असेल तर मी आजही अंगचाच कंपोझिटर चालू करून देतो, त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि झूम मिळतो. वेलँड या नव्या सिस्टिमकडे जायच्या विचारात असाल तरी पिकॉममधे जीव गुंतवू नका, ते फक्त एक्स११ वर, म्हणजे जुन्या एक्स-ऑर्गवर, चालतं, आणि एक्सएफसीईने डिसेंबर २०२४ च्या ४.२० मधे वेलँडची प्रायोगिक सोय सुरू केलीच आहे. पण सध्या एक्स११ वर आहात, दोन विंडो शेजारी ठेवून एकीत वाचता आणि दुसरीत लिहिता, तर पिकॉमला एक संधी द्याच.

सुरुवात करताना आधी ट्वीक्समधला अंगचा कंपोझिटर बंद करा, कारण एका वेळी एकच चालतो, तो चालू असेल तर पिकॉम तक्रार करून बाहेर पडतं. मग फाइलमधे एवढंच ठेवा: बॅकएंड जीएलएक्स, व्हीसिंक चालू, इनॅक्टिव्ह-डिम ०.१, मेनू आणि टूलटिप पूर्ण घट्ट, वाचायची ॲप फोकस-एक्सक्लूडमधे, पॅनल शॅडो-एक्सक्लूडमधे. टर्मिनलची पारदर्शकता टर्मिनललाच करू द्या. ब्लर, गोल कोपरे वगैरे हे सगळं नीट बसल्यावर, एकेक ओळ वाढवत.