झोटेरो वर्षभर वापरल्यावर : कोलनआधीची एक स्पेस

झोटेरो म्हणजे संदर्भ साठवून त्यांची सूची बनवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, वर्डमध्ये बसतं, ब्राउझरमधून एका क्लिकवर पुस्तकाची नोंद उचलतं. हे तुम्हाला माहीतच असेल, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मी नाशिकमध्ये थिसिसचं टायपिंग आणि फॉरमॅटिंग करते. पैसे पानावर. संदर्भसूचीचं एक पान सरळ करायला मजकुराच्या दहा पानांइतका वेळ जातो आणि गिऱ्हाईक त्याचे इतर पानांइतकेच पैसे देतं. माझा सगळा वैताग इथून सुरू होतो, तेव्हा पुढचं त्या हिशेबाने वाचा.

आधी माझ्याकडे एक पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर होतं. नाव नको. डोक्यावर रेघ असलेलं रोमन अक्षर दिसलं की त्याच्या पुढचं अक्षर ते नव्या शब्दाचं समजायचं आणि कॅपिटल करायचं. म्हणजे रोमनमध्ये 'नागरी' लिहिलं की त्यातला 'ग' मोठा. संस्कृत नावांनी भरलेल्या सूचीत हे काय दिसतं, कल्पना करा. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, 'कृपया नोंद हाताने दुरुस्त करावी.' हातानेच करायची तर डॉलरमध्ये पैसे कशाचे भरायचे? नूतनीकरणाची मेल आली त्याच दिवशी ते काढून टाकलं.

झोटेरोची खरी परीक्षा एका मॅडमच्या थिसिसवर झाली. विषय पांडवलेण्यातले शिलालेख. सूचीत पाच प्रकारचा माल: सेनार यांचा नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांवरचा इंग्रजी निबंध (एपिग्राफिया इंडिका, खंड 8, 1905-06), 1883 चं नाशिक गॅझेटियर, ज्यूल ब्लोक यांचं मराठी भाषेच्या घडणीवरचं 1920 चं फ्रेंच पुस्तक, पिशेल यांचं 1900 चं जर्मन प्राकृत व्याकरण (लेख प्राकृतात आहेत, त्याला इलाज नाही), आणि बाकी मराठी पुस्तकं. गाइडना संदर्भ लिहिण्याची शिकागो पद्धत हवी होती.

पहिल्या प्रिंटमध्ये ब्लोक यांच्या पुस्तकाचं नाव असं आलं की त्यातलं 'द'सुद्धा कॅपिटल, 'ला'सुद्धा कॅपिटल, 'लांग'ही कॅपिटल. फ्रेंचमध्ये नावातला पहिला शब्द आणि विशेषनामं सोडली तर सगळं लहान अक्षरात जातं. गाइडनी लाल पेनाने गोल केला आणि मॅडमचा फोन आला, "ताई, हे फ्रेंच कुणी इंग्रजीत शिवलं?"

कारण सापडलं ते एका रकान्यात. नोंदीच्या माहितीत बरंच खाली 'लँग्वेज' असतं आणि बहुतेक जण ते रिकामं सोडतात. रिकामं असलं आणि शैली (म्हणजे शिकागोसारखी निवडलेली पद्धत) इंग्रजी असली की झोटेरो पुस्तक इंग्रजीच धरतं आणि शीर्षकातल्या शब्दांना मोठी अक्षरं चढवतं. तिथे फ्रेंचसाठी 'एफ आर', जर्मनसाठी 'डी ई', मराठीसाठी 'एम आर' अशी दोन अक्षरं टाका, सूची रिफ्रेश करा, की ते हात लावायचं बंद करतं. ब्लोक एका क्षणात ताळ्यावर आले. यूट्यूबवर झोटेरोचे एवढे व्हिडिओ आहेत, पण या रकान्याबद्दल मराठीत बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. माझ्या मते अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये याहून कामाची चौकट नाही.

दुसरं, शीर्षकावर राइट क्लिक केलं की 'सेंटेन्स केस' मिळतं, म्हणजे पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान. सुरुवातीचे काही महिने मी याच्यावर फिदा होते. झोटेरोवाले स्वतःच सांगतात की शीर्षकं सेंटेन्स केसमध्येच साठवा, कारण लहानाचं मोठं करणं शैलीला जमतं, मोठ्याचं लहान करताना विशेषनाम कुठलं हे तिला कळत नाही. सल्ला बरोबर आहे. पण नंतर पिशेल आले. जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटल असतं. ते बटण दाबलं की शीर्षकातल्या 'श्प्राखन'चा (म्हणजे 'भाषा') पहिला वर्ण लहान होतो आणि जर्मन जाणणारा माणूस तिथेच थांबतो. तेव्हा फिदा वगैरे आता मागे घेते. इंग्रजी नोंदींना बटण, मग त्यातली 'नासिक'सारखी नावं डोळ्यांनी तपासायची, आणि जर्मनच्या वाटेला जायचंच नाही.

आता स्पेस. मला झोप न लागू देणारी गोष्ट ही आहे, आणि यात झोटेरोचा दोष नाही. एका ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून नोंदी घेतल्या की शीर्षकानंतर स्पेस, कोलन, स्पेस, मग उपशीर्षक येतं. कधी तिरपी रेघ आणि लेखकाचं नावही शेपटासारखं चिकटून येतं. हा गबाळेपणा नव्हे. ग्रंथपालांच्या आयएसबीडी नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमात कोलनच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायचीच असते, कार्डावर शीर्षक कुठे संपलं ते कळावं म्हणून. कार्डावर ते शोभतं, इंग्रजी सूचीत कोलनआधी भोक पडल्यासारखं दिसतं.

मग कुणीतरी हमखास सुचवतं, वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस मारा, सगळ्या स्पेस उडवा. नका मारू. फ्रेंचमध्ये कोलनच्या आधी जागा हवीच असते, तीही ओळ न तुटणारी. आणि मराठीत? आपल्याकडे बरेच मुद्रितशोधक कोलनआधी मुद्दाम जागा सोडतात, नाहीतर तो विसर्ग वाटतो. उलटही होतं. कीबोर्डवर कोलन सापडला नाही की लोक विसर्ग टाकून देतात. दिसायला जवळजवळ सारखं, पण झोटेरोच्या लेखी ते शीर्षकातलं एक अक्षर. शोध घेतला की कोलनवालं पुस्तक एक आणि विसर्गवालं दुसरं. 'वा. वि.' आणि 'वा.वि.' असे एकाच लेखकाचे दोन अवतारही असेच जन्मतात, आणि मग सूचीत त्यांची पुस्तकं एका जागी येत नाहीत. देवनागरीत कॅपिटलची कटकट नाही म्हणून खूश व्हावं तर स्पेस तिची भरपाई करते.

थोडक्यात, दुरुस्ती वर्डमध्ये करायचीच नाही, झोटेरोच्या नोंदीत करायची. त्याच मॅडमनी एका रात्री बसून वर्डमधली अख्खी सूची हाताने सुधारली. सकाळी एक नवा संदर्भ घातला, रिफ्रेश झालं, आणि सगळ्या जुन्या चुका जागच्या जागी हजर. त्यांचा आवाज फोनवर रडवेला होता. झोटेरो सूची दर वेळी नोंदींवरून नव्याने बांधतं, तुम्ही वर्डमध्ये काय खोडलं ते त्याला माहीत नसतं.

स्टोरेजचं दोन शब्दांत: फुकटात 300 एमबी मिळतात, स्कॅन केलेलं गॅझेटियर चढवलं की संपत येतात. पीडीएफ आपल्या ड्राइव्हवर ठेवा, झोटेरोत नुसती लिंक द्या. एक रुपया भरायची गरज नाही. मी भरला नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो यासाठी की पुस्तक मराठी असलं तरी दोन लेखकांमधला 'अँड' आणि संपादकाआधीचं 'एडिटेड बाय' शैलीच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीतच येतं. 'लँग्वेज'मध्ये 'एम आर' टाकूनही हे बदलत नाही. त्यावर माझी पद्धत अशी: थिसिस पूर्ण झाल्यावर फाइलची एक प्रत काढून ठेवते, दुसरीत 'अनलिंक सायटेशन्स' दाबते (म्हणजे त्या फाइलचा झोटेरोशी संबंध तुटतो) आणि मराठी नोंदींमध्ये 'आणि', 'संपा.' हाताने घालते. या कामाचे पैसे आता पानावर घेत नाही, नोंदीवर घेते. मॅडमनी घासाघीस केली, पण दिले.