वार्षिकांकांचे स्कॅनिंग : पाने सुरेख उतरली, शोध मात्र अपुरा

आमच्या माजी विद्यार्थी संघाने गेल्या दिवाळीनंतर महाविद्यालयाचे १९५१ ते १९९० या काळातले वार्षिकांक आणि विद्यार्थ्यांचे टंकलिखित प्रकल्प परळमधल्या एका स्कॅनिंग सेवेकडे दिले होते. ते काम नुकतेच पूर्ण होऊन हाती आले आहे.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे जुन्या कागदाविषयीची कणव. मुंबईच्या दमट हवेत आमच्या अंकांची पाने इतकी ठिसूळ झाली होती की उलटताना कोपरा हातात यावा. येथे बांधीव खंड काचेवर दाबत नाहीत. खंडाला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या उतरत्या पाळण्यात तो अर्धवट उघडा ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपतात. १९६३च्या अंकात नाट्यमंडळाचे छायाचित्र आहे आणि त्याखालची शेवटची दोन नावे शिवणीत दडली होती. काम करणाऱ्या ताईंनी खंडाचा कोन बदलून ते पान तीनदा टिपले, तेव्हा ती नावे वाचता आली. जपून ठेवण्यासाठी ४०० डीपीआयच्या (म्हणजे इंचाला ४०० ठिपके टिपणाऱ्या) टिफ या चित्रस्वरूपातल्या प्रती आणि वाचण्यासाठी पीडीएफ-ए प्रती मिळाल्या. पीडीएफ-ए हे २००५ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय मानक असून त्यात अक्षरांचे टंक (फॉन्ट) फाइलमध्येच साठवलेले असल्याने पुढेही मजकूर जसाच्या तसा उघडण्याची शाश्वती वाढते.

प्रकल्पांच्या बाबतीत एक चूक झाली. पीएचडीच्या प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' हे ऑनलाइन भांडार आहे, पण बी.ए.च्या विद्यार्थ्याने केलेल्या पाहणीला तसे घर नाही, त्यामुळे १९८२च्या गिरणी संपानंतर लालबागच्या खाणावळींचा हिशेब मांडणाऱ्या एका प्रकल्पाची आमच्याकडची कार्बन प्रत ही बहुधा एकमेव प्रत असावी. तिच्या समासातली पेन्सिलीची आकडेमोड कृष्णधवल स्कॅनमध्ये पार पुसली गेली होती. तक्रार करताच सेवेने तो प्रकल्प जादा पैसे न घेता रंगीत स्कॅन करून दिला.

खरी उणीव शोधाची आहे. ओसीआरने, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणक प्रणालीने, काढलेल्या मजकुरात 'नाटके' हा शब्द शोधला, तर पन्नाशीच्या दशकातले अंक जवळपास गप्प राहतात, कारण मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखनविषयक नियम येण्यापूर्वी तो शब्द शेवटी अनुस्वार देऊन 'नाटकें' असा छापला जाई. मूळ मजकूर न बदलता दोन्ही रूपांवर शोध चालेल अशी सोय करायला हवी होती, पण मराठीसाठी तिचा विचारच झालेला दिसत नाही. शिवाय फाइलींना नुसते क्रमांक होते. लेखकाचे नाव, वर्ष, विषय, मार्गदर्शक यांपैकी कशाचीही नोंद नव्हती. आमच्या निवृत्त ग्रंथपालबाईंनी दोन विद्यार्थिनींना हाताशी धरून तीन महिने बसून ती सूची केली. आज एखाद्याला आपल्या आईची पहिली कविता सापडते, ती या सूचीमुळे. नुसत्या स्कॅनवर ती कधीच सापडली नसती.

१९९० नंतरचे अंकही आम्ही याच सेवेकडे देणार आहोत, कारण पान हाताळण्याची अशी काळजी आम्हाला इतरत्र दिसली नाही. या वेळी मात्र नोंदींचा तक्ता आणि शोधाची चाचणी या दोन्ही गोष्टी करारातच लिहून घेतल्या आहेत, आणि पहिले पाच अंक तपासून झाल्याशिवाय पुढचे खंड कपाटातून निघणार नाहीत.