नुसते दहा अंक की +९१ सह पूर्ण क्रमांक?

भारतात असेपर्यंत दोन्ही पद्धती सारख्याच चालतात. नुसते दहा अंक जतन केले तरी फोन लागतो, आणि तोंडी सांगायलाही तेच सोपे. फरक पडतो तो सीमा ओलांडल्यावर, कारण परदेशातील नेटवर्क दहा अंकांचा अर्थ आपल्या स्थानिक पद्धतीने लावते. अमेरिकेतही क्रमांक दहाच अंकी असतात आणि ९८५ हा तिथे लुइझियानाच्या एका भागाचा कोड आहे. त्यामुळे ९८५ ने सुरू होणारा आईचा नंबर तिथून लावल्यास फोन भलत्याच घरी वाजू शकतो.

+९१ सह जतन केलेला क्रमांक पुण्यातून, दुबईतून वा टोरांटोतून तसाच लागतो. + च्या जागी ०० लिहिणे पुरेसे नाही, कारण बाहेरचा फोन लावण्याचा उपसर्ग भारतात ०० असला तरी अमेरिकेत तो ०११ आणि जपानमध्ये ०१० आहे; + चिन्ह मात्र मोबाइल नेटवर्क सगळीकडे ओळखते. बहुतेक फोनवर ० ही कळ दाबून धरली की ते उमटते.

लँडलाइन जतन करताना विशेष जपावे. पुण्याचा ०२० लिहिताना सुरुवातीचे शून्य गाळून +९१ २० असे लिहावे. इटलीतील लँडलाइनचे शून्य मात्र +३९ नंतरही ठेवावे लागते.

परदेशी जाणाऱ्याने, आणि ज्याची मुले बाहेर आहेत अशा प्रत्येकाने, निःसंशय दुसरी पद्धत स्वीकारावी. सुरुवात घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या क्रमांकांपासून करावी.