घशाला न लागणारी, खिशाला झेपणारी व्हिस्की : बेळगावातला पावसाळा ते उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. रोजच्या बजेटात माझ्यासाठी ब्लेंडर्स प्राइड ठरली, आणि पाहुणे आले की हंड्रेड पायपर्स ही स्कॉच. पण हे वाचून लगेच खंबा, म्हणजे ७५० मिलीची बाटली, उचलू नका. मला धुराचा वास नको, कडवटपणा नको, किंचित गोडसर चालतं आणि शनिवारी दोन पेगच्या पुढे जात नाही. तुमचं गणित वेगळं असेल तर निकालही वेगळा लागणार की.

आपल्याकडे चव शोधणाऱ्याची एक चांगली सोय आहे. कर्नाटकात ९० आणि १८० मिलीची मापं कुठल्याही वाइन शॉपमध्ये मिळतात, स्वस्तातल्या व्हिस्क्या तर कागदी पाकिटातही येतात. ९० मिलीची निप घ्यायची, लहान तीन पेग होतात, आवडली तर १८० ची क्वार्टर, आणि मगच मोठी बाटली. एका बैठकीत तीन-चार ब्रँड समोर मांडून तुलना करायचा सल्ला देणारे मित्र असतात, त्यांचं ऐकू नका. दुसऱ्या पेगनंतर सगळ्याच गोड लागतात.

घेताना बाटलीचं मागचं लेबल वाचा. चिकोडी, अथणीकडे गेलं की कारखान्याच्या आसपास मळीचा जो आंबूस वास येतो, ती मळीच आपल्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीचा कच्चा माल. उगार खुर्दच्या साखर कारखान्याची तर स्वतःची डिस्टिलरी आहे. मळीपासून काढलेलं अतिशुद्ध अल्कोहोल, त्यात थोडं माल्ट (मोड आणलेल्या बार्लीचं स्पिरिट), रंग आणि स्वाद. युरोपात याला व्हिस्की म्हणूच देत नाहीत, तिथे धान्यच लागतं. ब्लेंडर्स प्राइड आणि रॉयल स्टॅग या दोन्हींत धान्याचं स्पिरिट आणि आयात केलेलं स्कॉच माल्ट असतं. मला तरी पहिल्या घोटालाच फरक कळला. बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के अल्कोहोल हाच आकडा असतो. म्हणजे घसा जाळते ती नुसती तीव्रता नव्हे, आत काय भरलंय आणि ते लाकडात किती मुरलंय यावर सगळं आहे.

रॉयल स्टॅग स्वस्त पडते आणि सोड्याबरोबर छान जाते. नुसत्या पाण्यात मला ती थोडी फिकी वाटते. टीचर्स माझी नव्हे. तिच्या माल्टची बार्ली पीट नावाच्या दलदलीतल्या जळणावर वाळवतात, त्यामुळे धूर येतो. निपाणीच्या माझ्या मेव्हण्याला मात्र तीच लागते. तंबाखूच्या गावचा माणूस, त्याला धुराचं काय वावडं! बेंगळुरूच्या अमृत फ्यूजनचं नाव सगळे काढतात, पण ती ५० टक्क्यांची आणि माझ्या खिशाच्या पलीकडची, म्हणून यादीत घेतली नाही.

पाण्याला लोक किंमत देत नाहीत. बोअरच्या जड पाण्यात चांगली व्हिस्कीही मचूळ लागते. नळाचं राकसकोपचं पाणी गाळून वापरा, नाहीतर बाटलीचं घ्या. जेवढी व्हिस्की तेवढंच पाणी घातलं की अल्कोहोल २१ टक्क्यांवर येतं, तिथे चव उघडते. पारखायची असेल तर बर्फ टाळा. गारव्याने वास दबतो आणि वाईट मालही खपून जातो. पावसाळ्यात, बाहेर झड लागलेली असताना, मी साधं पाणीच घेतो. एप्रिलमध्ये मात्र सोड्याशिवाय जात नाही, मग कुठली बाटली आहे याने फारसा फरकही पडत नाही. चखण्याला भाजलेल्या शेंगा किंवा फुटाणे. मिरची भजी खाल्ली की जिभेला व्हिस्की कळतच नाही. कुंदा मात्र एकदा घेऊन बघा, हसू नका. खवा आणि व्हिस्कीचं बरं जमतं.

किमतीचं म्हणाल तर ऑगस्ट २०२४ मध्ये कर्नाटकाने महागड्या दारूवरचं शुल्क उतरवलं, म्हणून पाहुण्यांसाठीची स्कॉच पूर्वीइतकी टोचत नाही. उलट महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं, तेव्हा कोल्हापूरच्या भावजींनी सांगितलेला जुना दर धरून बसू नका. गोव्यात स्वस्त मिळते हे खरंय, पण चोर्ला घाटातून परवान्याशिवाय बाटल्या आणल्या आणि नाक्यावर गाडी उघडली तर वाचलेले पैसे तिथेच जातात. एका काउंटरवर छापील किमतीपेक्षा दहा रुपये जास्त मागायचे, तिकडे जाणं सोडलं. एमएसआयएलच्या सरकारी दुकानात मला छापील दरात मिळते, फक्त हवा तो ब्रँड तिथे नेहमी नसतो.

बाटली उघडून महिनोन्महिने ठेवली तर तळातला शेवटचा भाग सपक होतो, हेही अनुभवलं. म्हणून आता ७५० ऐवजी ३७५ मिलीचीच घेतो. थोडी महाग पडते, पण शेवटचा पेगही पहिल्यासारखा लागतो.